साळवेकाकांनी न पाहिलेलं मशीन

आधीच सांगून ठेवते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. साडेदहाच्या आत मस्टरवर सही झाली पाहिजे आणि संध्याकाळी केडगावची बस मिळाली पाहिजे, एवढ्या दोनच गोष्टींवर माझी श्रद्धा. आता रिटायर झालेय, दुपारी डोळा लागत नाही... म्हणून हे इतक्या वर्षांनी लिहायला बसले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नगरमधलं आमचं ऑफिस (नाव मुद्दाम देत नाही) आरोग्य केंद्रांना मशीन्स पुरवायचं. कुठलं मशीन कुठे आहे, चालू की बंद, सगळं जाडजूड रजिस्टरांत. मग कॉम्प्युटर आला आणि माझ्या गळ्यात पडला. मी काही प्रोग्रॅमर नव्हते, पण पॅकेज सोपं होतं. स्क्रीनवर रकाने आखायचे, कुठल्या रकान्यात काय भरायचं ते ठरवून द्यायचं, की नोंदींचा फॉर्म आपोआप तयार. पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगवर मी तो केला.

नोंदी होत्या अकराशे. भिंगारचे साळवेकाका आमचे स्टोअरकीपर. ते शेजारी बसून रजिस्टर वाचायचे, मी टाइप करायचे. चार महिने हेच चाललं होतं. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगी पहिलीत. मान आखडायची, डोळ्यांतून पाणी यायचं. त्यात काकांचा हट्ट, की 'स्वतः पाहिले' असा एक रकाना हवाच. हा माणूस स्वतःच्या रजा टाकून एसटीनं केंद्राकेंद्रांत जायचा, मशीन चालवून बघायचा आणि मगच सही करायचा. बाकीचे आम्ही पडताळणी खुर्चीतच उरकायचो. केंद्राकडून 'सर्व चालू' असा कागद आला की टिक. काकांची त्यावरून सगळे थट्टा करायचे, मीसुद्धा.

रकाना मी केला. पण त्यात 'वाय', म्हणजे 'यस', आपोआप भरून येईल अशी सोय करून ठेवली. अकराशे वेळा एक बटण दाबायचं वाचलं. काकांना ते बोलले नाही.

जामखेडकडच्या एका केंद्रातल्या सक्शन मशीनची नोंद आली तेव्हा काका थांबले. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या घशातला चिकटा ओढून काढायचं हे मशीन. बाळ रडलं नाही तर पहिल्या दोन मिनिटांत तेच लागतं.

"हे तेवढं राह्यलंय बाई," काका म्हणाले. "मी बघितलेलं न्हाई. हितं वाय टाकू नका."

मी हो म्हणाले आणि एंटर दाबलं. वाय तसाच आत गेला. मागे जाऊन बदलायचा कंटाळा आला... खरं सांगायचं तर एवढंच कारण.

दोन महिन्यांनी काका हार्ट अटॅकनं गेले. ते केंद्र बघायचं राहूनच गेलं.

पुढच्या वर्षी सहा नवी सक्शन मशीन्स आली. ज्या केंद्रांतली बंद आहेत किंवा कोणी पाहिलेली नाहीत, त्यांना ती द्यायची होती. मी यादी काढली तर सात नावं आली, त्यातली सहा मशीन बंद असलेली. सातवं नाव जामखेडकडच्या त्या केंद्राचं. 'स्वतः पाहिले'मध्ये 'एन', म्हणजे 'नो'.

म्हटलं, आपणच कधीतरी बदललं असेल. केंद्रात फोन लावला. तिथला क्लार्क म्हणाला, "चालू हाय मॅडम. दरसाल चालूच कळवतो की आमी." मी वाय केला. दुसऱ्या दिवशी बघते तर पुन्हा एन! नोंद केव्हा बदलली ती वेळ कॉम्प्युटर स्वतःच टाकायचा. वेळ होती आदल्या दुपारची एक वीस. तेव्हा लाइट गेलेली आणि आम्ही सगळे व्हरांड्यात डबे खात बसलेलो. खोलीला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये, पासवर्ड फक्त मला ठाऊक.

साहेब वैतागले, मशीन सहा आणि नावं सात कशी म्हणून. मी पुन्हा वाय केला. कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्यानं दोन तास खटपट केली आणि म्हणाला, फाइल खराब झाली होती, होतं असं. अकराशे नोंदींतली एकच नोंद, त्यातला एकच रकाना – असं होतं?

शनिवारी सकाळी पुन्हा एन. काकांचं बोलणं मला आठवत नव्हतं असं नाही. चांगलं आठवत होतं. पण खाली जीप उभी होती, साहेब सहीला थांबले होते, आणि मी इतकी थकले होते की कुणी काही विचारू नये एवढंच वाटत होतं. तिसऱ्यांदा वाय केला. सहा नावांची यादी निघाली, जीप गेली.

मंगळवारी ऑफिसात येऊन बघते, तर एन. भीती वाटली म्हणाल तर नाही, संताप आला. एकदाचं बघून येते आणि ही कटकट मिटवते म्हणून अर्धी रजा टाकली आणि जामखेडची एसटी धरली.

बाळंतपणाच्या खोलीत कोपऱ्यात ते मशीन होतं. कापडी खोळ, खोळीवर हळदीकुंकवाचे थरावर थर, वाळलेला झेंडूचा हार. दर खंडेनवमीला त्याची मनोभावे पूजा व्हायची. चालवून कोणी बघत नव्हतं. सिस्टरांनी खोळ काढली. नळी उंदरांनी खाल्लेली, बटणात कुंकू जाऊन घट्ट बसलेलं. जोर लावून दाबलं... आवाजही आला नाही.

सिस्टर वयस्कर होत्या, त्याही दमलेल्या दिसत होत्या. "मी आपली तोंडानं नळी वढते मॅडम," त्या म्हणाल्या. "बऱ्याचदा जमतं. काल न्हाई जमलं."

काल म्हणजे सोमवार.

मी तिथल्याच स्टुलावर बसले. सिस्टरांना वाटलं एसटी लागली असेल, त्यांनी पाणी दिलं. त्यांना मी काही सांगितलं नाही. आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

नंतर साहेबांशी भांडून मी तिथे मशीन मिळवून दिलं, स्वतः जाऊन चालवून पाहिलं आणि वाय केला. तो तसाच राहिला. पुढे अकराशेच्या अकराशे वाय मी पुसले आणि जमेल तशी एकेक केंद्र फिरले, त्यात चार वर्षं गेली. ती एक नोंद कोण बदलत होतं, बंद कॉम्प्युटरमध्ये कसं बदलत होतं, मला सांगता येत नाही. जाणकारांना विचारून झालं. काहीतरी तांत्रिक असेल म्हणतात. असेलही.

त्या मंगळवारी मी निघाले तेव्हा व्हरांड्यातल्या खाटेवर एक बाळंतीण बसली होती, जवळ बाळ नव्हतं. ऊसतोडीवरून आलेली, विशीबाविशीची असेल. शेजारी खाली तिची जाऊ बसलेली, पोट पुढे आलेली. नगरच्या बाई आल्यात हे तिला कुणीतरी सांगितलं असावं. माझ्या हातातल्या फाइलकडे बघून तिनं हळूच विचारलं,

"मशीन आनलंय का वो बाई? हिचे बी दिवस भरत आल्यात."