कुळथाचं कढण

दादाला कुळथाचं कढण मी पाजलं. वहिनी रेशनला गेल्या होत्या, तेवढ्यात, त्यांच्याच घरात, त्यांना न सांगता. चूक माझी, हे आधीच सांगून टाकतो.

सत्तरच्या दशकात आम्ही भिवंडीत राहत होतो. दादाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा त्याला मुंबईला डायलिसिसला न्यावं लागे. मधले दिवस तो वहिनींच्या स्वयंपाकावर तगून होता. त्या बटाटे बारीक चिरून भिजत टाकायच्या, भाजी उकडून पाणी मोरीत ओतायच्या. डाळ मोजकी, मीठ नावापुरतं, केळं आणि शहाळं बंद. दिवसभराचं पाणी सकाळीच एका तांब्यात काढलेलं असे. चहा त्यातूनच, गोळ्याही त्यातूनच. दादा हाताची ओंजळ करून म्हणे, "आण गं, तीर्थ दे!"

मला ते बघवेना. कापडाच्या लूमवरची ड्युटी संपवून मी रोज दादाच्या घरी डोकावायचो आणि चिडून घरी यायचो. एकदा गावाहून, खारबावहून आलेल्या आईसमोर मी बोललोच, "वहिनी, सगळं सत्त्व मोरीत ओतता. माणूस जगायचा कसा?"

"भाऊजी, एकदा डॉक्टरांनाच विचारा की," त्या म्हणाल्या.

मी विचारलं नाही. आमच्याकडे मुतखड्यावर कुळीथ देतात. माझा खडा कुळथाच्या कढणानेच पडला, असं मी छाती ठोकून सांगायचो. किडनीचंच दुखणं ना, मग दादालाही तेच लागू पडेल, हे मी धरून चाललो. आईलाही तसं पटवलं. बायकोकडून लसूण-मीठ घातलेलं दाट कढण करून घेतलं आणि डबा घेऊन गेलो.

दादाने डबा बोटाने पुसून खाल्ला. "किती दिवसांनी जिभेला चव कळली रे," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला उभं राहवेना. धाप लागली, छाती धडधडू लागली. टॅक्सी करून मुंबई गाठली. डॉक्टर वहिनींवर कडाडले, "बाई, काय खायला घातलंत? पोटॅशियम इतकं वाढलंय, हृदय बंद पडलं असतं! ते निघून जावं म्हणूनच भाज्या उकडून पाणी टाकायला सांगितलं होतं ना?" वहिनींनी आदल्या दिवसाचा एकेक घास सांगितला. डॉक्टरांचा विश्वास बसला नाही. दादाला बोलण्याची ताकद नव्हती. मला होती. मी खाली बघत उभा राहिलो.

दादा वाचला. माझं नाव त्यानेही कुणाला सांगितलं नाही. तो घरी आला त्या दिवशी आईने पदर खोचला. "हिच्या हातचं आता नको. आजपासून मी रांधीन." वहिनी दादाच्या उशाशी जाऊन बसल्या. थोड्या वेळाने मी स्वयंपाकघरात गेलो, तर स्टोव्हवर कुळीथ शिजत होते.

"हे कोणासाठी?"

"दादासाठी. त्याच्या किडनीला हेच पायजे, तूच बोललास न्हाय का?"

मी स्टोव्ह बंद केला. "आई, यातल्याच पोटॅशियमने तो मरायला टेकला होता. मीच पाजलं होतं."

आईने पातेलं खाली उतरवलं. आवाज ऐकून वहिनी दारात आल्या होत्या. त्यांच्याकडे बघणं मला जड गेलं, पण बघितलं.

"वहिनी, डॉक्टर तुम्हाला बोलले, आई बोलली, आणि मी गप्प बसलो. तुम्ही दादाला जगवत होता आणि मी तुम्हालाच नावं ठेवली. उद्या डॉक्टरांनाही मीच सांगेन. स्वयंपाक तुम्हीच करा. मला माफ करा."