पंचेचाळीसवर ठेवलेला खटका

गुरुजींनी मला अकरा वर्षांत एकदाही ‘वा’ म्हटलं नव्हतं. ‘हूं’ म्हणायचे, ‘बरं’ म्हणायचे, फारच खूश असले तर सुपारी पुढे करायचे. आणि त्या परक्या माणसाला पहिल्याच बैठकीत ‘वा!’ तेही मांडीवर थाप मारून. मी समोरच बसलो होतो. पोटात असं दुखलं की विचारू नका.

एकोणीसशे सत्तरनंतरची ती पहिली दोन-तीन वर्षं. मी नगरला प्राथमिक शाळेत मास्तर होतो आणि शाळा सुटली की सायकल हाणत गुरुजींकडे पेटी शिकायला जायचो. गुरुजी मूळचे पारनेरकडचे. तरुणपणी एका नाटक कंपनीत ते पायाने भाता मारायचा ऑर्गन वाजवत. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, हात थरथरत होते, ऐकणं तेवढं उरलं होतं. घरात एक रेकॉर्ड प्लेअर होता. त्यावर नाट्यपदांच्या छोट्या तबकड्या मीच लावून द्यायचो. दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नसत आणि मला त्याचा फार अभिमान होता.

तर त्यांच्या अमेरिकेतल्या जावयाने एक मोठी तबकडी पाठवली. कव्हरवर विजेवर चालणारे तीन-चार पियानो आणि त्यांच्या मधोमध एक दाढीवाला. सोबत चिठ्ठी होती: जॅझमध्ये रॉक मिसळून वाजवायची इकडे नवी टूम निघाली आहे, हा त्यातला मोठा वादक आणि ही त्याची स्वतःच्या नावावरची तबकडी. मी ती लावली. ड्रम पत्र्यावर गारा पडाव्यात तसे वाजू लागले आणि त्यावरून त्याची बोटं जी सुटली ती सुटलीच.

“वा!” गुरुजी म्हणाले. “दोनी हात मोकळे हायेत गड्याचे. तुझा डावा हात तर वारा घालन्यातच जातोय, मास्तर.”

हे मला झोंबलं. पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भात्याची हमाली करतो आणि याचा भाता वीज मारते! पुढे कधी तबकडी चालू असताना वीज गेली की मला बरं वाटायचं. आता वाजव म्हणावं.

ईर्ष्येने मी त्याच्यामागे लागलो. गुरुजी रोज ती तबकडी लावायला सांगत, मी रोज ऐकून घरी जाई आणि एका उजव्या हाताने तो वेग गाठायला बघे. चार महिने घासलं. वेग आला, पण सूर काही केल्या जुळेना. पेटीवर कुठलीही पट्टी धरली तरी त्याचा सूर तिच्यापेक्षा किंचित चढाच लागायचा. मी पेटी दुरुस्तीला नेली.

“पेटी ठीक हाय, मास्तर. तुमचा कान तपासा,” दुरुस्तीवाला म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं, हे तोंडावर म्हणाला नाही एवढंच.

शेवटी गुरुजींना वाजवून दाखवलं. “हात पळतोय,” ते म्हणाले. त्या दिवशी सुपारीसुद्धा मिळाली नाही.

मग एका रविवारी गुरुजी आंघोळीला गेले होते आणि मी सदऱ्याच्या टोकाने प्लेअर पुसत होतो. पुसता पुसता वेगाचा खटका सरकला असावा. तबकडी लावली तर वाजणं एकदम खाली आलेलं, सावकाश. व्होल्टेज पडलं असं वाटलं मला. सवयीने शेजारच्या पेटीवर बोट ठेवलं आणि सूर तंतोतंत जुळला. छोट्या तबकड्यांसाठी खटका कायम पंचेचाळीसवर, म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांवर असायचा, ही मोठी होती तेहतीसची. मधल्या गोल कागदावर तसं छापलेलं होतं. पोरांना इंग्रजी शिकवणाऱ्या मला ते वाचायची बुद्धी झाली नव्हती.

म्हणजे मी ज्याच्यामागे धावत होतो तो माणूस नव्हताच. मला हसू यायला हवं होतं. पण मी ऐकत राहिलो. हा माणूस अजिबात घाईत नव्हता. एका जागी तो एक सूर लावतो आणि थांबतो. सूर हळूहळू विझतो, ड्रमवाला वाट बघतो, आपणही बघतो. मग तो अगदी साधा, कुणालाही सुचावा असा पुढचा सूर ठेवतो. पंचेचाळीसवर ही जागा कळायच्या आत निघून जात होती. वेगाचा हेवा करून निदान रियाज तरी करता येतो. याला काय करायचं? मला रडूच आलं, आणि रागही.

न्हाणीतला पाण्याचा आवाज थांबला. या जागेवर गुरुजी काय म्हणतील ते मला पक्कं ठाऊक होतं. मी खटका परत पंचेचाळीसवर नेला.

त्यानंतर त्यांना ती तबकडी मी पंचेचाळीसवरच ऐकवली. मुद्दाम. आणि घरी ते थांबणं बसवू लागलो. पेटीत ते डाव्या हाताने साधतं: भाता सैल सोडला की सूर आपोआप विझतो. हमाली करणारा तो हातच कामाला आला.

दिवाळीनंतर गुरुजींपुढे यमन वाजवला. मध्येच गंधारावर थांबलो, भाता सोडला, सूर विझू दिला, वाट पाहिली, मग पुढचा सूर ठेवला.

“वा!” गुरुजी म्हणाले. मांडीवर थाप पडली. “हे कुठनं आनलंस रे?”

“सुचलं,” मी म्हणालो.

“त्या अमेरिकेवाल्याला न्हाई जमायचं हे. त्यो नुसता पळतोय. थांबायला लई काळीज लागतं, मास्तर.” त्यांनी सुपारी पुढे केली. मी ती घेतली आणि खाल्ली.

गुरुजी गेल्यावर त्यांच्या मुलीने तो प्लेअर आणि ती तबकडी मलाच दिली. खटका मी ठेवला होता तिथेच होता. घरी आणून मी तो तेहतीसवर केला आणि दार लावून ऐकत बसलो. ती जागा आली. आता तरी, गुरुजींच्या वतीने का होईना, त्याला ‘वा’ म्हणावं म्हणून तोंड उघडलं. शब्द निघाला नाही. त्याच्या वाटची ‘वा’ माझ्याकडे होती आणि खरं सांगायचं तर ती परत द्यावी असं मला अजूनही वाटत नाही.