ताईंचं रानआलं

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी परसात रानआल्याच्या वाफ्याला पाणी घालत होते. पुतणी हॉस्पिटलमधून एवढंच म्हणाली, "काकी, आई गेली..." मी "बरं" म्हटलं आणि बादलीत उरलेलं पाणीही वाफ्यात ओतलं. शाळेच्या ऑफिसातली नोकरी, घर, सासूबाईंचं अंथरूण आणि हॉस्पिटलचे डबे ह्यांत मी इतकी पिचून गेले होते, की रडायचंही त्राण नव्हतं. रडू दुसऱ्या दिवशी आलं.

ताई माझ्या थोरल्या जाऊबाई, माहेर वडप्याचं. तिथल्या शेतावर गोदाम उभं राहण्याच्या आदल्या पावसाळ्यात त्यांनी बांधावरचं रानआलं खणलं, गोणीत भरून भिवंडीला आणलं आणि न्हाणीमागे सावलीत लावलं. माहेरचं म्हणून तेवढंच काय ते उरलं होतं. कंद कडवट, म्हणून कढीत नखाएवढाच तुकडा ठेचून टाकायच्या. पानांत पानग्या भाजायच्या. भाद्रपदात फुलांची लाल कणसं वर आली की ती पिळून निघणारं बुळबुळीत पाणी माझ्या केसांना चोळायच्या आणि म्हणायच्या, "ऑफिसातल्या बाया इचारतील बघ, कुठला शाम्पू हाय." मी खायची, केस धुऊन घ्यायची आणि मिरवायची. बावीस वर्षांत त्या वाफ्याकडे कधी वाकून पाहिलं नाही. तो त्यांचा प्रांत.

संक्रांतीनंतर त्या हॉस्पिटलात गेल्या. जाताना "वाफ्याकडे लक्ष असू दे" म्हणाल्या, म्हणून मी पहिल्यांदा तिकडे गेले, तर नुसती माती. एक पान नाही! माझ्या भरवशावर सोडलेलं मी मारलं, असंच वाटलं. त्या दिवसापासून रोज दोन बादल्या. कितीही दमून आले तरी आधी पाणी, मग चहा.

तेराव्याला ताईंचे भाऊ आले. बहिणीची आठवण म्हणून त्यांनी दोन कंद मागितले. खणलं तर हाताला लगदा लागला, वास मारणारा. त्यांनी माती चिमटीत दाबून पाहिली.

"पानी घातलंत काय? उन्हाल्यात ते निजतं, वयनी. पानं झडतात, कंद खाली जिता असतो. कोरडाच ठेवायचा. ताईला ठावं होतं की."

ठाऊक होतं... शिमग्याच्या सुमारास मी त्यांना फोनवर मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, "ताई, रोज पाणी घालते हं मी वाफ्याला."  त्या म्हणाल्या, "दमशील गो. चार दिस न्हाय घातलंस तरी काय बिघडत न्हाय." मला वाटलं, माझीच काळजी. म्हटलं, "छे, तुमच्यासाठी एवढं तरी करू द्या."  बोलताना त्यांना धाप लागत होती.

"घाल मग," ताई म्हणाल्या. "तुला बरं वाटतंय ना... घाल."