कारण सापडेपर्यंत

माझ्या नणंदेला तिच्या नवऱ्याने आमच्या घरी आणून सोडलं, तेव्हा आम्हाला बौद्ध दीक्षा घेऊन चार-पाच वर्षं झाली होती. ती हात धुवायची. धुऊन झाले की पुन्हा धुवायची, कातडी सोलवटेपर्यंत. नवरा म्हणाला, "कारण सापडलं का कळवा. नाही सापडलं तं मले दुसरी पाहा लागन." एवढं बोलून तो नेरची बस धरून निघून गेला.

मग काय, सगळी वस्ती संशोधनाला लागली. चुलतसासूबाईंनी जागेवरून न उठता निकाल दिला: घरातले देव नदीत सोडले, म्हणून मरीमाय कोपली. देव सोडायच्या दिवशी नदीवर सगळ्यांत पुढे ह्याच होत्या. मास्तरांचं मत पडलं की पोरगी चौथीपर्यंत शिकली, तिथंच डोकं बिघडलं. हे मास्तर म्हणाले, दुसऱ्या कोणी नाही. यवतमाळच्या डॉक्टरने जीभ पाहिली, पोट दाबलं आणि लाल औषध दिलं. हातांकडे पाहायला त्याला सवड झाली नाही. आणि जिचे हात, तिला विचारायचं कोणालाच सुचलं नाही.

मी विचारलं. ती म्हणाली, "हात साफ हाय हे मले दिसते, वयनी. तरी काहीतरी लागून हाय असं वाटते. धुतलं का जरा बरं वाटते, मंग पुन्हा तेच." हे कशानं होतं, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघी सरपणाची मोळी घेऊन गावातल्या एका मोठ्या घरी गेलो. तिथल्या बाई फार सोवळ्याच्या. आसपासच्या गावांतही त्यांचं नाव आदराने घेत. आमच्या हातची मोळी अंगणात पडली की त्या तिच्यावर पाणी शिंपडायच्या आणि मगच आत घ्यायच्या. त्या दिवशी त्यांनी शिंपडलं, उचलायला वाकल्या, थबकल्या, पुन्हा शिंपडलं. पुन्हा थबकल्या. लाकडं निथळायला लागली. ओल्या सरपणाच्या धुराने त्यांच्या सुना चुलीपुढे खोकून बेजार व्हायच्या, पण ती धर्माची गोष्ट. तिचं कारण कोण शोधतं?

मला संताप आला होता. नणंद मात्र बाईंच्या हातांकडे टक लावून पाहत होती. तेही सोललेले होते. परत येताना वाटेत ती हळूच बोलली,

"इलेबी माह्यावानीच हाय, वयनी. मंग इले काहून नाही कोणी माहेरी धाडलं?"