कळंबहून परंड्याला, भूमपर्यंत

सकाळी सहा वाजता कळंबच्या बाजारपेठेतून पन्नाशीची एक बाई हेल्मेट, गॉगल आणि बिनबोटांचे हातमोजे घालून सायकलवर निघाली, तेव्हा दुकानासमोर झाडणारे दोघेजण झाडू थांबवून बघत राहिले. ती बाई मी.

नाशिकला मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला रोज अर्धा तास चालायला सांगितलं, म्हणून मी सायकल घेतली. मला कुठलीच गोष्ट बेतानं करता येत नाही. कळंबला मैत्रिणीकडे मुक्काम करायचा, तिथून एका दिवसात परंडा गाठायचं, संध्याकाळच्या उन्हात किल्ला बघायचा, आणि हे सगळं डांबरी रस्ता टाळून, मुरमाच्या आणि खडीच्या वाटांनी, असा बेत मी स्टाफरूममध्ये जाहीर केला होता. कुणी विचारलं नव्हतं.

पहिले दोन-तीन तास फार छान गेले. दोन्ही बाजूंना कापणीला आलेली ज्वारी, मध्येच हरभऱ्याचा हिरवा तुकडा, आणि चाकाखाली मुरमाची बारीक करकर. एका वळणावर बैलांना पाणी पाजणारे एक आजोबा भेटले.

"डांबरी रस्ता तिकडून हाय की," ते म्हणाले.

"मला हाच हवाय."

"का वो?"

मी हात हलवला आणि पुढच्या चढाला लागले. 

वाशी गाव मागे टाकल्यावर रस्त्याकडेला धूर दिसला. खव्याची भट्टी होती. या भागात गावोगाव दूध आटवून खवा करतात. भट्टीवरच्या बाईंनी गरम खव्यावर साखर घालून पळसाच्या पानावर दिला. "दमानं खावा, जड असतंय," त्या म्हणाल्या. मी दोनदा मागून घेतला. पुढच्या चढावर तो खवा माझ्याबरोबर चढत होता आणि आमच्या दोघांत तोच जास्त दमत होता.

चढ संपला तिथं कुणीतरी बाभूळ तोडून फांद्या वाटेवरून ओढत नेल्या होत्या. मागचं चाक बसलं. पंक्चर काढायचं सगळं सामान माझ्याकडे होतं आणि ते कसं काढतात याचे व्हिडिओ मी पुष्कळ पाहिले होते. पाऊण तासात मी एक ट्यूब बदलली, तीही बसली. मग ठिगळ लावायला घेतलं, ते हातमोज्याला चिकटलं. आसपास माणूस नाही, मोबाईलला रेंज नाही, आणि बाटलीत दोन घोट पाणी. तेवढ्यात लांबून कर्ण्याचा आवाज आला: "कुकर, शेगडी, मिक्सर दुरुस्त करून घ्या."

साठी उलटलेले एक गृहस्थ काळ्या जुन्या सायकलवरून येत होते. हँडलला कर्णा, मागे लाकडी पेटी. हे हमीदभाई. गावोगाव फिरून कुकर दुरुस्त करतात. त्यांनी आधी मला पाणी दिलं, मग टायरच्या आतून बोट फिरवलं.

"काटा टायरमधीच हाय बाई. तुमी नुसत्या ट्यूबा बदलत बसलाव तर दिवस हितंच मावळंल."

पकडीनं त्यांनी चार काटे उपसले, ठिगळ लावलं आणि हवा भरून दिली. पुढचं गाव दोघांच्याही वाटेवर होतं, म्हणून आम्ही बरोबर निघालो. उतार आला तसे ते सायकलवरून उतरले.

"नवी खडी टाकलीय. चालत चला."

"माझे टायर खास खडीसाठीच आहेत," मी म्हणाले.

"टायर आसतील वो. पण खडीला कुठं ठावं हाय?"

मी हसले आणि सायकल सोडली. अर्ध्या उतारावर पुढचा ब्रेक दाबला आणि हँडलवरून थेट खडीत गेले. डाव्या मनगटात काहीतरी कडकन वाजलं.

हमीदभाई चालत चालत खाली आले.  खांद्यावरच्या रुमालाची झोळी करून त्यांनी माझा हात गळ्यात बांधला. त्यांची सायकल उताराखालच्या ओढ्यापाशी लावून माझी ढकलत आणली, मग परत जाऊन स्वतःची आणली. असं दोन टप्प्यांत आम्ही गावात पोचलो. दोन वाजता तिथून खव्याचा टेम्पो भूमला जातो, तोवर देवळाच्या ओट्यावर बसा, असं सांगून त्यांनी पेटी उघडली. कर्णा वाजला आणि बायका कुकर घेऊन जमल्या. आधी त्यांनी मला न्याहाळून घेतलं.

"एकल्याच आलाव?" सुंदराबाई नावाच्या आजींनी विचारलं.

"हो."

"घरी भांडण झालं का?"

"नाही हो."

"मग कशाला वो?"

सकाळचाच प्रश्न. विषय बदलायला मी कुकरकडे वळले. उजव्या हातानं झाकण धरायचं काम मला मिळालं होतं. ते धरून मी वाफेचा दाब, उत्कलनबिंदू, शिट्टी का होते, हे सगळं समजावून सांगितलं. बायकांनी मन लावून ऐकलं.

"म्हंजी तुमास्नी समदं ठावं हाय," सुंदराबाई म्हणाल्या, "कुकर तेवढा दुरुस्त करता येत न्हाय."

हमीदभाई पहिल्यांदाच हसले.

हात आता टम्म सुजला होता. तरी मी म्हणाले, "थोडं मुरगळलंय. ऊन उतरलं की निघते परंड्याला." मला खरंच निघायचं होतं. स्टाफरूममधले चेहरे दिसत होते.

सुंदराबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "करंगळीला अंगठा लावा बरं."

मी प्रयत्न केला. डोळ्यांपुढे अंधारी आली.

त्यांनी आपला उजवा हात पुढं केला. मनगट एका बाजूला वळून तसंच जुळलं होतं. "माझं बी मुरगळलंच हुतं. सुगी चालू हुती, म्या तसंच चार दिस ज्वारी काढली. आता केसाची येणी घालता येत न्हाय मला. सून घालती." मग अगदी सहज विचारलं, "तुमचं परंड्यात काय अडलंय?"

काहीच अडलं नव्हतं. त्यांची ज्वारी तरी उभी होती. मला रडू आलं. ते हाताचं आहे असं बायकांना वाटलं आणि मी तसं वाटू दिलं. एकीनं धपाटं आणि दही आणलं. सुंदराबाईंनी तुकडे करून दिले.

टेम्पो आला. हमीदभाईंनी माझी सायकल खव्याच्या डब्यांमध्ये सुतळीनं बांधली. मी रुमाल सोडायला लागले.

"राहू द्या. प्लास्टर होस्तोवर लागंल."

"परत कसा देऊ?"

"बारीक रुमाल हाय बाई. कशाला लई विचार करताव?"

त्यांची वाट दुसरीकडे होती. गावाबाहेर पडेपर्यंत कर्णा ऐकू येत होता.

भूमच्या दवाखान्यात मनगट दोन ठिकाणी मोडलेलं निघालं. तशीच परंड्यापर्यंत सायकल चालवली असती तर हाडं सरकली असती, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी नवरा गाडी घेऊन आला. किल्ला राहिलाच; आम्ही सरळ नाशिकला आलो.

घरी आल्यावर मोबाईलवरच्या सायकलच्या ॲपमध्ये त्या दिवसाचा नकाशा उघडला; टेम्पोत बसताना मी नोंद बंद केली होती. कळंबहून निघालेली लाल रेघ भूमच्या अलीकडे एका ठिपक्यावर थांबली होती. त्या गावाचं नावही तिथं नव्हतं. ओट्यावरच्या त्या दोन तासांपुढे ॲपनं लिहिलं होतं: हालचाल नाही.