अकराव्या कीबोर्डचं नाव

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आमच्या घरी भूत आलं असतं, तर वडिलांनी त्याच्याकडे आधी ओळखपत्र मागितलं असतं. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, आणि स्वभाव वडिलांचाच घेतलाय. शिवाय अमावस्या, पिंपळ वगैरेची अपेक्षा असेल तर क्षमस्व... ही गोष्ट हिंगणघाटला, भर दुपारी सव्वातीन वाजता घडली.

माझे विनूकाका तिथल्या एका कापड गिरणीत कॉम्प्युटर रूम सांभाळायचे. तेव्हा एका मोठ्या मशीनला बरेच टर्मिनल जोडलेले असत – म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. दर कंपनीची कळांची मांडणी वेगळी. एकीवर जिथे एंटर, दुसरीवर नेमकी तिथे अख्खा पडदा पुसणारी कळ! कंपन्यांनी या मांडण्यांना नावं दिली होती ती अक्षरं आणि आकडे जोडून. काका म्हणायचे, "हे का नाव हाय? हा तं ट्रकचा नंबर झाला."

म्हणून त्यांनी स्वतःचा नियम काढला. ज्या मांडणीवर जो पहिल्यांदा चुकेल, तिला त्याचं नाव. तेही कागदावरचं नाही, हाक मारायचं. दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी कीबोर्डच्या पोटावर लावायची आणि त्यावर बॉलपेनने लिहायचं. 'सुधाकर'ने अर्ध्या दिवसाच्या कापसाच्या गाठींची वजनं उडवली होती. 'मिश्राजीं'नी अख्ख्या खात्याची हजेरी. 'शालू' म्हणजे आमची काकू, ती तिथेच ऑपरेटर होती. तिने काय पुसलं ते दोघांनी कधी सांगितलं नाही, पण सहा महिन्यांत लग्न झालं.

ती खोली बंद झाली तेव्हा काकांनी अकरा कीबोर्ड घरी आणले. दहांना नावं होती. अकरावा अगदी शेवटच्या आठवड्यात आला होता, तो कोणी वापरलाच नाही. "याच्यावर अजून कोणी चुकलं नाई," काका जरा हळहळून म्हणायचे.

काका गेल्या वर्षी गेले. काकू मुलीकडे नागपूरला निघाली. इकडे आमच्या कॉलेजाने 'संगणक वारसा दालन' काढलं – संस्थेच्या अध्यक्षांना कापायला फीत लागतेच – आणि कीबोर्ड मागितले. अट एकच: चिकटपट्ट्या काढून कंपनीचे नंबर लावायचे. 'सुधाकर' हे नाव वारशाला शोभत नाही म्हणे. मीही मान डोलावली.

यादी करायला गेलो, तर काकू म्हणाली, "काढशीन तं काढ पट्ट्या. पण ते माणसं कुठं जातीन रे? अर्धे तं वारले."

मला लाज वाटली. म्हटलं, कोण काय चुकलं ते तू सांग, मी लिहून ठेवतो.

सकाळी मी सगळ्या कीबोर्डांचे पोटाकडूनही फोटो काढले होते. अकराव्याच्या पोटावर नुसता कंपनीचा नंबर आणि एक ओरखडा. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने जुने कीबोर्ड लॅपटॉपला जोडायची एक डबी करून दिली होती. हौसेने मी अकरावाच जोडला. काकू तीन तास सांगत होती... हसत, मधेच पदराने डोळे टिपत. मी मांडीवर कीबोर्ड घेऊन टाइप करत होतो. शेवटी ती चहा ठेवायला उठली. मी एंटर समजून कोपऱ्यातली मोठी कळ दाबली.

पडदा कोरा. दहा माणसं, तीन तास – साफ.

आतून काकूने विचारलं, "झालं का रे?"

"झालं," मी म्हणालो. "सेव्ह केलं."

घरी जाऊन आठवेल तेवढं लिहून काढू, तिला काय कळणार, असा माझा सुशिक्षित विचार.

वायर काढून कीबोर्ड गुंडाळायला उलटा केला. पोटावर पट्टी होती. पिवळी पडलेली, कडांना धूळ बसून काळी झालेली. वर काकांचं अक्षर, शिरोरेघ नेहमीसारखी उजवीकडे चढत गेलेली: 'बंडू'.

बंडू म्हणजे मी.

मी फोन काढून सकाळचा फोटो पाहिला. तोच नंबर, तोच ओरखडा, पट्टी नाही. काकूने लावली म्हणावं, तर कीबोर्ड माझ्या मांडीवरून हललाच नव्हता. आणि चिकटपट्टी किती वर्षांत पिवळी पडते हे फाटकी पुस्तकं सांभाळणाऱ्याला विचारा. एका दुपारात पडत नाही.

काकू चहा घेऊन आली. पट्टी पाहून घाबरली वगैरे नाही. कप ठेवला, पट्टीची सुटलेली कड अंगठ्याने दाबून बसवली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काऊन रे, काय पुसलं?"

मी सगळं कबूल केलं.

"चुकणाऱ्याले यायनं कधी बोल नाई लावला," ती म्हणाली. "लपवणाऱ्याले मात्र रूमच्या बाहेर उभं करत. चहा पी अन् पुन्हा लिही. सुधाकरपासून."

पट्ट्या मी काढल्या नाहीत. उद्घाटनाला कीबोर्ड उलटे मांडले, शेजारी काकूने सांगितलेल्या दहा माणसांच्या चुका लिहून लावल्या आणि शेवटी अकराव्याची, माझी. अध्यक्ष चालत चालत शेवटच्यापाशी थांबले.

"हा बंडू कोण?"

"मीच, सर."

"तुमचं नाव यावर कोणी लावलं?"

"काकांनी."

"कधी?"

"मी चुकलो तेव्हा, सर."