ग्रिलला हात लावणारे काका

ईशान, रेवा,

"आधी ग्रिलले हात लावा, काकू." धरमपेठेतल्या आपल्या घरी आले की कम्प्युटरवाले काका चपला काढत, खिडकीच्या लोखंडी ग्रिलला दोन्ही तळवे टेकवत आणि मलाही तेच करायला लावत. अंगातली वीज तिथे सोडली नाही तर आतला नाजूक भाग जळतो, असं त्यांचं म्हणणं. आजोबा पलंगावरून विचारायचे, "काय हो, कोणत्या देवाचं दर्शन चाललंय?"

"काकाजी, हा एकच देव मानतो मी."

रविवारी फोनवर ईशानने विचारलं, "आजी, आम्ही पाठवलेली रॅम अजून चालतेय ना?" मी हो म्हटलं आणि विषय बदलला. ते उत्तर खरं नव्हतं. "कशाले सांगता पोरायले?" असं म्हणून काका मला गप्प बसवायचे. आता ते नाहीत, म्हणून सांगते.

ते कळमेश्वरहून स्कूटरवर यायचे. खिशात शाळेतल्या मुलांचा असतो तसा खोडरबर. कम्प्युटर सुरू होईना की रॅमची ती हिरवी पट्टी काढायची, तिची सोनेरी कड खोडरबरने हळूच घासायची, फुंकर न मारता पुसायची आणि परत बसवायची. बहुतेक वेळा तेवढ्याने भागायचं. दसऱ्याला मात्र कितीही फोन करा, येत नसत. दीक्षाभूमीवर गावोगावहून आलेल्या माणसांना पाणी द्यायला ते सकाळपासून उभे असायचे.

मी शिवलेलं कापडी आवरण पाहून एकदा त्यांनी कपाळाला हात लावला. "मे महिन्यात स्वेटर घातलं तुम्ही याले. तापन नाही तं काय करन बिचारा?" आवरण सुबक होतं, पण त्या दिवसापासून ते कपाटात गेलं.

तुम्हांला आठवत असेल, आजोबा अंथरुणाला खिळल्यावर आपण कम्प्युटर त्यांच्या पलंगाजवळ हलवला. फोनच्या छोट्या पडद्यावर त्यांना तुमचे चेहरे नीट दिसत नसत. पण कम्प्युटर जुना. व्हिडिओ कॉलवर तुम्ही बोलता बोलता तोंड उघडं ठेवून थिजायचात आणि आजोबा वाट पाहत बसायचे. तिकडे रेवाचा पदवीदान समारंभ जवळ आला होता; तो कम्प्युटरवर थेट दिसणार होता. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगितलं, त्यानंतर तो समारंभ त्यांना दिसायलाच हवा होता. तुम्ही घाईने बाबांच्या मित्राबरोबर नवी रॅम पाठवलीत. ती आली थेट समारंभाच्या दिवशी सकाळी.

काकांनी ग्रिलला हात लावला, पट्टी उचलली, जागेवर धरली आणि थांबले. मग मला जवळ बोलावून दाखवलं. पट्टीची खाच एका जागी, कम्प्युटरच्या आतला दात दुसऱ्याच जागी. तुम्ही नव्या कम्प्युटरची रॅम पाठवली होती.

"बसली का हो?" आजोबांनी विचारलं.

"बसते, काकाजी. सामान घरी राहिलं, घेऊन येतो."

दारात ते मला हळूच म्हणाले, "जुनी दुकानात नाही भेटत आता, मागवा लागते. पाहतो मी."

भर उन्हात ते गेले आणि दुपार कलताना परत आले. खिशातून कागदात गुंडाळलेली एक पट्टी काढली, खोडरबरने घासली, दाबली. दोन्ही बाजूंचे खटके लागले. मी विचारलं, "कुठून आणलीत?"

"माझ्या घरच्या कम्प्युटरची. त्याच्यात आणखी एक आहे."

संध्याकाळी रेवाचं नाव पुकारलं गेलं, ती मंचावर चढली, आणि चित्र एकदाही थांबलं नाही. आजोबांना टाळी वाजवता येत नव्हती. त्यांनी पांघरुणावर हात आपटला. काका चहाचा कप हातात धरून उभेच होते. आजोबा त्यांना म्हणाले, "नातवंडांनी पाठवलेली रॅम आहे, बघितलंत?"

"हो काकाजी. भारी माल आहे."

त्यानंतर जो भेटायला येई त्याला आजोबा हेच सांगत. पावसाळ्यात ते गेले. मग मी काकांना म्हणायची, "आता मागवू या ना जुनी, तुमची घेऊन जा." ते म्हणायचे, "काहून घाई करून राहिल्या, काकू?"

गेल्या महिन्यात कम्प्युटर अडला म्हणून मी फोन लावला. तो त्यांच्या पत्नीने उचलला. काकांनी ताप अंगावर काढला होता; दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी कळमेश्वरला गेले. बुद्धवंदना झाली. कोपऱ्यात त्यांचा कम्प्युटर होता. पत्नी म्हणाल्या, "एकाच रॅमवर चालवत होते. लई हळू चाले. मी म्हणत जाओ, दुसरी टाका, तं म्हणत, चालून राहिला ना." मी म्हटलं, त्यांची पट्टी माझ्याकडे आहे, पाठवून देते. त्यांनी माझा हात धरला. "राहू द्या, काकू. त्यायनं लावली ना, मग राहू द्या तिथंच."

घरी येऊन मी ग्रिलला दोन्ही हात लावले. पट्टी काढली, कड खोडरबरने घासली, खटके लागेपर्यंत दाबली. कम्प्युटर सुरू झाला.

तुमची रॅम कपाटात आहे, त्या आवरणात गुंडाळलेली. काकांची कम्प्युटरमध्ये आहे. हे मी त्याच्यावरच टाइप केलं.

— आजी